नाव न घेता वाढलेलं ताट

१

दिवेलागण झाली की फोन सुरू व्हायचे. वाचक दिवसभर काय हवं ते करत असेल, पण लेखकाला फोन करायची हुक्की त्याला नेमकी आपण फोडणी टाकताना येते, असं सुनंदाबाईंचं अनुभवाने झालेलं मत होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मोबाइल नंबर छापायची हौस प्रकाशकाची, पुस्तक कृष्णकांत टिपणिसांचं, आणि फोन घ्यायचा मात्र बायकोने.

कृष्णकांत फोनला हात लावत नसत. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. शेवटच्या फेरीला एका परक्या बंदरात जहाज अडकवलं गेलं, तेलाच्या कागदपत्रांत काहीतरी खोट निघाली आणि मालकाचं पाप खलाशांच्या माथी आलं. बाकीचे वर्षभरात सुटले. कृष्णकांतांना मात्र ना खटला ना तारीख, अशी तीन वर्षं एका कोठडीत एकट्याने काढावी लागली. सुटून नवीन पनवेलला घरी आले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तरी कुठेही घंटी वाजली की त्यांचे खांदे वर उचलले जायचे आणि पुष्कळ वेळ खाली यायचे नाहीत.

'पिवळी कोठडी' हे पुस्तक त्यांनी लिहिलं ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मुद्रितं तपासली सुनंदाबाईंनी. गणित शिकवण्यात हयात गेलेली बाई. चूक दिसली की त्यांना चैन पडत नसे. त्यामुळे पुस्तकातलं वाक्यन् वाक्य त्यांना पाठ होतं.

त्या दिवशी फोन आला तो सुकापूरहून.

"नमस्कार ताई, मी काशिराम बोलतो. रिटायर माणूस आहे. साहेबांचं पुस्तक एका बैठकीत संपवलं बघा."

"वा, सांगते त्यांना," सुनंदाबाई म्हणाल्या. मोहरी तडतडत होती.

"सगळं छानच आहे, पण मला भावला तो कोपऱ्यातला माणूस. एक शब्द बोलत नाही, पण डोळ्यांसमोरून हलत नाही."

"कुठला माणूस?"

"अहो, कोठडीतला तो दुसरा. पाठमोरा बसलेला. त्याचं पुढे काय झालं, ते साहेबांनी लिहायला हवं होतं."

असा माणूस पुस्तकात नाही, हे सुनंदाबाई सांगणार होत्या. पण हौसेने फोन करणाऱ्याला तोंडघशी कशाला पाडायचं? चार पुस्तकं एकदम वाचणारे लोक असतात, याची टोपी त्याला बसते. त्यांनी आभार मानून फोन ठेवला, तोवर मोहरी जळून गेली होती.

२

"अहो, तुमच्या कोठडीत आणखी कोणी होतं का?"

कृष्णकांत बाल्कनीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पान उलटता उलटता थांबले. "का?"

"एक गृहस्थ म्हणत होते."

"पुस्तकात काय आहे?"

"तुम्ही एकटे होतात."

"मग झालं तर," ते म्हणाले, पण पान काही त्यांनी उलटलं नाही.

दोन दिवसांनी मितालीचा फोन आला. खांदा कॉलनीत राहणारी तरुण मुलगी, बँकेत नोकरी, बोलणं अर्धं इंग्रजी. "मॅम, मी ना, ते जेवणाचे सीन्स वाचून लिटरली रडले. तो कोपऱ्यातला माणूस रोज संध्याकाळी ताट पुढ्यात ओढतो ना, ते. मला एक विचारायचं होतं. तुम्ही वालाच्या बिरड्यात गूळ जरा जास्त घालता का? त्याला ते फार आवडायचं."

सुनंदाबाई ओट्याला टेकल्या.

बिरडं पुस्तकात नव्हतं, ताटही नव्हतं. असायचं कारणच नव्हतं, कारण ती गोष्ट त्यांनी जगात कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

नवरा तुरुंगात आहे हे कळलं, त्या आठवड्यात त्यांनी त्याचं ताट वाढायला सुरुवात केली होती. घरचा माणूस कुठे अडकला की त्याचा वाटा काढून ठेवायचा, म्हणजे तो तिथे उपाशी राहत नाही, असं त्यांची आई करायची. गणिताच्या बाईंना हे पटत नव्हतं. पण ताट वाढल्याशिवाय स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा पटण्या-न-पटण्याला कोण विचारतो? मुलगी अनुष्का पुण्याला नोकरीला. घरात हसायलाही कोणी नव्हतं. रोज तिन्हीसांजेला बाल्कनीतल्या स्टुलावर ताट ठेवायचं, बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून म्हणायचं, "अहो, या जेवायला." मग थोड्या वेळाने ते अन्न खालच्या कुत्र्यांना घालायचं.

आणि गूळ. कृष्णकांतांना बिरड्यात गूळ अजिबात खपत नसे. त्या तीन वर्षांत नाक मुरडायला कोणी नव्हतं, म्हणून सुनंदाबाई माहेरच्या चवीने गुळाचा चांगला मोठा खडा टाकायच्या. नवरा परत आला त्या दिवसापासून तो बंद झाला होता.

"मॅम? आहात ना?" मिताली विचारत होती.

"गूळ नाही घालत मी," सुनंदाबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला. खोटं बोलले नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आता खरंच नाही घालत.

३

वाचनालयात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. हॉल बऱ्यापैकी भरला होता. लेखक बघायला पनवेलकर येतात. चहा-सामोसा असला तर जास्त येतात. वाचनालयाचा सत्यजीत उत्साही पोरगा, त्याने माइक थेट श्रोत्यांत फिरवला.

पहिल्या बाई म्हणाल्या, दुसरा कैदी कोपऱ्यात बसलेला असतो ते वर्णन अप्रतिम. मागच्या रांगेतले एक वकील म्हणाले, कोपऱ्यात कुठे? तो दाराशी उभा असतो. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढलं. सुटकेच्या दिवशी तो फाटकातून साहेबांच्या मागोमाग बाहेर पडतो, नीट वाचा म्हणाला. वाद रंगला. मजा अशी की पुस्तक प्रत्येकाच्या हातात होतं आणि उघडून बघायचं एकालाही सुचलं नाही.

सुनंदाबाई मात्र एक हिशोब करत होत्या. कोपरा पाहिलेल्या बाईंनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, पुस्तक वाचलं होतं दिवाळीत. वकिलांनी त्यानंतर. फाटक पाहिलेल्याने कालच. जो जितका उशिरा वाचेल, त्याला तो माणूस तितका पुढे आलेला दिसत होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणून त्यांनी तो हिशोब मनातून पुसला. व्यासपीठावर कृष्णकांत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. एकदाही त्यांनी "असा माणूस नव्हता" असं म्हटलं नाही. त्यांची नजर हॉलच्या मागच्या दारावर होती.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी सुनंदाबाईंपाशी आली. जवळच्या कोन नावाच्या गावची मालू. अंगावर जाडजूड सोनं, बरोबर सून रंजिता.

"मना वाचाया नाय येत, बाय," मालू म्हणाली. "ही माजी सून दुपारची वाचून दावते. आमी दोघी रडलो. तुमी किती मायेनं बोलावता त्याला."

"कोणाला?"

"त्या दुसऱ्याला. रोज सांजचं तुमचा आवाज येते, 'अहो, या जेवायला.' नाव काय तुमी घेत नाय. आमच्यात बी घोवाचं नाव नाय घेत, ते ठीक हाय. पन मंग त्या दुसऱ्याला वाटते, मनाच बोलावते. त्याला तर कोनीच नाय बोलवायला. मंग तो उठतो, न जेवतो." तिने डोळ्यांना पदर लावला. "बरा केला बाय तुमी. भुकेला व्हता."

रंजिता कौतुकाने हसली. "सासूबाईंना तेवढंच पान परत परत वाचून पाहिजे असतं."

"कुठलं पान?" सुनंदाबाईंनी विचारलं. रंजिताने पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, पानं पुढे केली, मागे केली. "इथेच होतं," ती म्हणाली आणि गोंधळून सासूकडे बघत राहिली.

४

सुनंदाबाईंनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं असेल ते उखाण्यात. लग्नात, नंतर चार हळदीकुंकवांत. एरवी "अहो", "हे", फार तर "अनुष्काचे बाबा". आधुनिक मैत्रिणी हसायच्या. सवय होती, दुसरं काही नव्हतं. कोरं पाकीट पेटीत टाकलं तर ते कोणाच्या हाती पडेल, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारला नव्हता.

फोन येतच राहिले. आता कोणी कोपऱ्याचं नाव काढत नव्हतं. एकजण म्हणाला, विमानात तो टिपणिसांच्या शेजारच्या सीटवर बसतो ते फार सूचक आहे. एका बाईंना वाशीच्या पुलावर टॅक्सीच्या काचेतून त्याने खाडीकडे पाहणं आवडलं. कृष्णकांत परत आले तो रस्ता पुस्तकात होताच. त्याच रस्त्याने, दर फोनला थोडा थोडा, तो येत होता. प्रकाशकाने कळवलं, पहिली आवृत्ती संपत आली, दुसरी काढतोय. सुनंदाबाईंनी "नका काढू" म्हटलं, तर ते विनय समजून हसले.

त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. तर अनुष्काचा घरच्या फोनवर फोन. "आई, तुझा मोबाइल बंद का? माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने बाबांचं पुस्तक वाचलं. ती म्हणाली, कळंबोलीच्या सर्कलला तो उतरतो आणि चालायला लागतो, तिथे तिच्या अंगावर काटा आला. आई, मला तो भाग कसा आठवत नाही?"

त्या रात्री जेवताना सुनंदाबाईंनी विषय काढला. कृष्णकांतांनी वरणभात चिवडत ठेवला होता. तुरुंगातून आल्यापासून ते असेच जेवायचे, पाखरासारखे. अंगाला काही लागत नव्हतं.

"मला खरं सांगा. कोण होतं तिथे?"

"दिसायचं कोणी नाही," ते म्हणाले. "पण संध्याकाळी बिरड्याचा वास यायचा. मला वाटायचं, डोकं फिरलं आपलं. वास यायचा, सुनंदा, ताट यायचं नाही. आणि कोपऱ्यातून कोणीतरी जेवल्याचा आवाज यायचा. भुरके मारून, बोटं चाटून. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. आवाज थांबला की आणखी भूक लागायची."

सुनंदाबाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही. तीन वर्षं मनापासून वाढलं होतं. त्यातला एकसुद्धा घास आपल्या माणसापर्यंत पोचला नव्हता. उलट दुसऱ्याला जेवताना ऐकत त्याला उपाशी बसावं लागलं होतं. ताटाचं मात्र त्यांना सांगता आलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

५

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दारावर मिताली आली. फोन लागत नाही म्हणून स्वतःच आलेली, हातात पुस्तक, सहीसाठी.

"मी परत वाचलं, मॅम. या वेळी तो आमच्या कॉलनीपर्यंत आला. सिग्नलला थांबून रस्ता विचारतो. किती लोकल टच आहे." तिने आत डोकावून पाहिलं. "सर जेवायला बसतील ना आता? मग नंतर येते." आणि ती जिना उतरून गेली.

सुनंदाबाईंनी दार लावलं, कडी घातली. खांदा कॉलनी म्हणजे रुळांच्या पलीकडे. चालत किती लांब? त्यांनी मनाशी ठरवलं, आज चूक दुरुस्त करायची. बिरडं केलं, गुळाशिवाय. टेबलावर एकच ताट वाढलं. कृष्णकांत बाल्कनीत होते, पेपरच्या वर त्यांच्या विरळ केसांची कड दिसत होती. ज्याचं ताट त्याला, नाव घेऊन. म्हणजे ऐकणाऱ्या दुसऱ्या कोणालाही कळेल, की हे आपल्याला नाही.

उखाण्याशिवाय नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती. तरी त्यांनी स्पष्ट हाक मारली. "कृष्णकांत, जेवायला या."

पेपर खाली पडला. कृष्णकांत उठून उभे राहिले होते, चेहरा पांढराफटक. "नाव कशाला घेतलंस?" ते पुटपुटले. "तिथे हजेरीला नाव पुकारायचे. मी ओ द्यायच्या आधी कोपऱ्यातून…"

बाहेर जिन्यावर चपला काढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी.

सुनंदाबाई दाराशी गेल्या. आतलं दार उघडलं, जाळीचं तसंच ठेवलं. जिन्यातला दिवा लागला होता. वर जाणाऱ्या पायऱ्यांवर एक माणूस पाठमोरा बसला होता. झिजलेला सदरा, दमून खाली आलेले खांदे. मानेवर, केसांच्या खाली, डाग होता. बॉयलरच्या वाफेने भाजल्याचा तो डाग. त्यावर सुनंदाबाईंनी स्वतःच्या हाताने कितीदा मलम लावलं होतं.

जिन्यातले दिवे आपोआप विझतात. तो विझला. त्यांनी जाळीतून हात घालून बटण दाबलं, तेव्हा पायऱ्या रिकाम्या होत्या. खाली रबरी सपाता मात्र होत्या, पिवळ्या, टाचेला झिजून भोक पडलेल्या. कैद्यांना देतात तशा. सुटताना फाटकापाशी काढून ठेवल्या, असं पुस्तकात होतं.

मागे, घरात, पाट्यावर पाणी सांडावं तसा भुरक्याचा आवाज आला.

६

टेबलाशी ते जेवत बसले होते. मान खाली घालून, भराभर. डाग मानेवर होता, अंगठी बोटात होती. दोन वर्षांत त्यांना असं जेवताना सुनंदाबाईंनी पाहिलं नव्हतं. बाल्कनीतली खुर्ची रिकामी होती आणि पेपर जमिनीवर पसरला होता.

भीतीच्याही आधी त्यांना बरं वाटलं, हे सांगायला हवं. माणूस पोटभर जेवतोय हे बघायला त्या दोन वर्षं तरसल्या होत्या. भूक लागली असेल, जिन्यात भास झाला असेल, सपाता शेजाऱ्यांच्या असतील. मन किती चटकन सारवासारव करतं.

"भात वाढू?" त्यांनी विचारलं.

"वाढ." त्यांनी बोटं चाटली. मग बिरड्याची वाटी पुढे सरकवली आणि वर न बघता म्हणाले, "आज गूळ विसरलीस."

सुनंदाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

घरचा फोन वाजला. समोरच्या माणसाचे खांदे उचलले गेले नाहीत. तो जेवत राहिला. सुनंदाबाईंनी फोन उचलला तो केवळ हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

"ताई, मी काशिराम, सुकापूरहून. मोबाइल लागेना, तेव्हा हा नंबर वाचनालयातून घेतला. पुस्तक परत वाचलं बघा. या वेळी शेवटाने रडवलं. तो घरी पोचतो, जेवायला बसतो, इथवर ठीक. पण मागे कोठडीत जो राहतो ना, त्याचं बघवत नाही. संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून बसतो. वास येतो बिचाऱ्याला, ताट येत नाही."

"मागे कोण राहतो?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे? टिपणीस साहेब," काशिराम म्हणाले. "हाक मारा म्हणावं कोणीतरी त्यांना."

त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन दुसरं ताट घेतलं. भात, बिरडं, कडेला लिंबाची फोड. गुळाचा डबा होता तिथेच राहू दिला. टेबलाला वळसा घालून, तिकडे न बघता, त्या बाल्कनीत आल्या. स्टुलावर ताट ठेवलं आणि अंधाराकडे तोंड केलं.

सवयीने ओठांवर "अहो" आलं. ते त्यांनी गिळलं. त्या हाकेने काय आणलं, ते आत बसलं होतं. उरलं ते एकच नाव. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्या कठड्यावरून पार बाहेर वाकल्या आणि त्यांनी ते हलक्या आवाजात, जवळजवळ श्वासानेच घेतलं.

"कृष्णकांत, या जेवायला."

मागे खुर्ची सरकली.

"आलो," टेबलावरून उठत तो म्हणाला.